हाज्जा इन्शिराह यांच्या दोन आवृत्त्या

मनुष्य दुष्टबुद्धीने जे बिघडवतो, त्याचा निवाडा निदान न्यायालयात होतो. सद्हेतूने जे बिघडवतो, त्याला न्यायालय नाही, साक्षीदार नाही आणि शिक्षाही नाही. शिक्षा नसल्यामुळे प्रायश्चित्त नाही, आणि प्रायश्चित्त नसल्यामुळे असा मनुष्य दुसऱ्या दिवशी पुन्हा निर्धास्तपणे कोणाच्या तरी मदतीला निघतो. मी त्या वर्गातला आहे. इजिप्तमधल्या या मन्सूरा शहरात चौतीस वर्षे अरबी व्याकरण शिकवून मी निवृत्त झालो, आणि आजवर माझ्या हातून जे अपराध घडले, ते एकूण एक दुसऱ्याचे भले करण्याच्या भरात घडले. त्यांतल्या एकाचे हे निवेदन.

माझी कन्या नहला हिचा निकाहनामा मशिदीत लिहिला गेला होता. आमच्याकडे लेखन आधी होते, आणि मुलीची पाठवणी पुढे सवडीने होते. या दोन दिवसांच्या मधला काळ मोठा नाजूक. सोयरीक तर झालेली असते, आणि ती का होऊ नये याची कारणे दोन्ही घरांना तेव्हाच कुठे सुचू लागतात. जावई हातिम दंतवैद्य. स्वभावाने इतका सौम्य की रोगीच त्याला धीर देतात. त्याच्या वाट्याचे सगळे तेज त्याच्या मातोश्रींकडे, म्हणजे हज करून आलेल्या हाज्जा इन्शिराह यांच्याकडे, राहिले असावे.

त्यांचे आणि आमचे बिनसले ते नीशवरून. नीश म्हणजे दर्शनी खोलीतले काचेचे कपाट. जन्मात कधी वापरावयाची नाहीत अशी भांडी त्यात मांडतात. आम्ही दोन दारांचा नीश घेतला. हाज्जांच्या मनात तीन दारांचा होता.

"माझ्या बहिणी येऊन दोनच दारं बघतील," त्या म्हणाल्या, "आणि मला काय म्हणतील? तिसरं दार येऊ दे, मग पाठवणी. घाई कुणाला आहे?"

घाई नहलाला होती. पण ते सांगावयाची आमच्याकडे रीत नाही. पाठवणीचा दिवस दोनदा पुढे गेला, पहिल्यांदा तर निकाहच्या आदल्या रात्रीच. तिच्या पेट्या बांधून बैठकीत पडल्या होत्या. दर आठवड्याला ती एक पेटी उघडी, त्यातला एखादा अंगरखा काढून घाली, धुऊन पुन्हा घडी करून ठेवी. आता तिसरा दिवस ठरला होता, येत्या शुक्रवारचा. तोही पुढे गेला तर मंगल कार्यालय रमजान उलटेपर्यंत मिळणार नव्हते. हाज्जांनी सांगितले होते, "गुरुवारी निकाहचा अल्बम घेऊन या. बघू, आणि मग शुक्रवारचं बोलू."

याचा अर्थ असा की माझ्या मुलीचे भवितव्य आता लबीबच्या हाती होते.

लबीब माझा बालमित्र, आणि 'अल-बद्र' या फोटो स्टुडिओचा स्वामी. बद्र म्हणजे पूर्णचंद्र. हे नाव त्याने विचारपूर्वक ठेवले आहे, कारण त्याच्या स्टुडिओतून बाहेर पडलेला प्रत्येक चेहरा पूर्णचंद्र असतो. आमच्या मोहल्ल्यात गेल्या चाळीस वर्षांत ज्यांची लग्ने झाली, ती सर्व माणसे लबीबच्या चित्रांत दहा वर्षांनी तरुण आणि दोन छटांनी उजळ आहेत. पूर्वी तो हे कुंचल्याने करी. पुढे संगणकाने करू लागला. निकाहची अर्धी चित्रे सिद्ध झाली तेव्हा हाज्जांनी ती त्याच्या पडद्यावर पाहिली होती. त्या पडद्याजवळ चेहरा नेऊन म्हणाल्या, "आजवर इतक्यांनी माझे फोटो काढले. पण मी जशी आहे तशी तूच टिपलीस, लबीब."

प्रश्न उरलेल्या अर्ध्यांचा होता. निकाहच्या मध्यावर लबीबचा जुना कॅमेरा थकला, म्हणून पुढची चित्रे त्याने मेहुण्याने कुवेतहून आणलेल्या नव्या कॅमेऱ्यावर काढली. दोन्ही कॅमेरे 'रॉ' फाइली काढतात. रॉ म्हणजे कच्चे चित्र. ते सॉफ्टवेअरमध्ये शिजवावे लागते. मूळ चित्र कधी बदलत नाही. काय उजळावे, काय झाकावे याच्या सूचना तेवढ्या बाजूला एका सूचीत लिहिल्या जातात. ही व्यवस्था मला फार आवडली. मूळ ग्रंथ अबाधित आणि भाष्य समासात. परंतु लबीबचे सॉफ्टवेअर अकरा वर्षांपूर्वीचे, आणि नव्या कॅमेऱ्याची फाइल समोर येताच ते नम्रपणे कळवी की हा प्रकार आपल्या परिचयाचा नाही.

"जुन्याला नव्याची भाषा येत नाही, उस्ताद वजदी," लबीब म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडून तरी उरलेले करून घेतो."

येथे मी थांबावयास हवे होते.

"नवी आवृत्ती घाल," मी म्हणालो. "अरे, आवृत्ती म्हणजे काय? माझ्या व्याकरणप्रवेशाची सातवी आवृत्ती निघाली, तेव्हा पहिलीतला एक तरी नियम गाळला का? नवी आवृत्ती जुनीला पोटात घेऊनच जन्माला येते."

"हे चाललंय ना? मग हात कशाला लावायचा?"

"भितोस काय? आपल्याकडे बाशमुहंदिस आहेत."

या शब्दापाशी क्षणभर थांबणे प्राप्त आहे. बाशमुहंदिस म्हणजे मूळ अर्थाने मुख्य अभियंता. परंतु आमच्या देशात नळ दुरुस्त करणारा बाशमुहंदिस असतो, लिफ्टवाला असतो, आणि मोबाईल विकणारा तर असतोच. ज्याला आपल्यापेक्षा एक बटण अधिक कळते, तो बाशमुहंदिस. आमच्या वरच्या मजल्यावरचे शरबीनी यांना सगळा जिना बावीस वर्षे याच नावाने हाका मारत आला. संदर्भ पाहिल्याशिवाय शब्दाचा अर्थ लावू नये, हे मी चौतीस वर्षे मुलांच्या कानी-कपाळी ओरडलो. पण शरबीनी नेमके कशाचे अभियंते आहेत, हे त्या बावीस वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.

रविवारी दुपारी बाशमुहंदिस शरबीनी टरबुजाच्या भाजलेल्या बिया सोलत स्टुडिओत अवतरले, लबीबच्या खुर्चीत बसले आणि संगणकाकडे, वैद्याने जीभ पाहावी तसे, पाहू लागले.

"कधी घातलंय हे?"

"अकरा वर्षं झाली, बाशमुहंदिस."

"मग जमीन दमली की! बदला."

त्यांनी नवी आवृत्ती घातली. पडद्यावर प्रश्न उमटला: जुनी सूची नव्या आवृत्तीत रूपांतरित करावी काय? लबीबने माझ्याकडे पाहिले. मी शरबीनींकडे पाहिले. शरबीनींनी बीचे टरफल थुंकले.

"हो म्हणा. मशीन विचारतंय म्हणजे त्याला ठाऊक आहे."

रूपांतर झाले. शरबीनींना मग दिसले की आता एकाच नावाच्या दोन सूची आहेत, एक नवी आणि एक जुनी.

"एका वाफ्यात दोन पिकं? छे छे. जुनं उपटून टाकायचं, नाहीतर कीड पडते." असे म्हणून त्यांनी जुनी सूची पुसली आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. स्वच्छतेच्या बाबतीत ते फार काटेकोर आहेत.

वाफा, पीक आणि कीड हे तीन शब्द लागोपाठ कानी पडताच माझ्यातला वैयाकरण जागा झाला. मी हळूच विचारले, "बाशमुहंदिस, आपला विषय कोणता म्हणालात?"

"कृषी," ते अभिमानाने म्हणाले. "कपाशीवरची बोंडअळी."

तेवढ्यात चित्रे उघडली.

व्याकरणात बसरा आणि कूफा असे दोन प्राचीन संप्रदाय आहेत. शब्द तोच, पण बसऱ्याचा पंडित त्याचा एक अर्थ लावतो आणि कूफ्याचा दुसरा. लबीबच्या सूचनांचे तसेच झाले. "चेहरा चाळीस अंशांनी उजळ करा" ही सूचना जुन्या आवृत्तीत एक मंद झुळूक होती. नवीने तिचा अर्थ चुनकाम असा लावला. जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रांत हाज्जा इन्शिराह मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारख्या दिसत होत्या, आणि त्या गोळ्यात नाक शोधावे लागत होते. नव्या कॅमेऱ्याची चित्रेही आता उघडली होती, पण त्यांना लबीबचा हात लागला नव्हता. त्यांत हाज्जा ईश्वराने केल्या तशाच होत्या, गव्हाळ, आणि वयाच्या मानाने खऱ्या. अल्बमाच्या डाव्या पानावर एक बाई मुलाच्या खांद्यावर हात ठेवी आणि उजव्या पानावर दुसरीच बाई तो उचली. वराला दोन माता झाल्या होत्या.

"शून्यावर आण आणि नव्याने कर," मी सुचवले.

लबीबने नव्या आवृत्तीत चेहरा उजळण्याची आपली कळ शोधली. ती तेथे नव्हती. तिच्या जागी निराळ्या नावाची दुसरी कळ होती. ती सरकवताच हाज्जांचे दात निळे झाले.

"उस्ताद," लबीब खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "माझा हातच गेला रे."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवू लागलो, तो त्याने खांदा काढून घेतला. पन्नास वर्षांच्या मैत्रीत हे प्रथमच घडले.

सोमवारी आणि मंगळवारी आम्ही परतीचा मार्ग शोधला. जुनी आवृत्ती पुन्हा घालावी, तर तिला नोंदणीचा क्रमांक हवा, आणि तो क्रमांक कंपनीने देणे बंद केले होते. मी दूरध्वनी केला. पलीकडच्या बाईंनी मधुर स्वरात सांगितले, "सर, ती आवृत्ती निवृत्त झाली आहे."

"बाई, मीही निवृत्त झालो आहे," मी म्हणालो, "तरी कोणी काही विचारले तर उत्तर देतो."

त्यांनी मला वाट पाहावयास सांगून संगीत लावले. मी एक कटोरीभर फूल, म्हणजे आमच्याकडची घेवड्याच्या दाण्यांची उसळ, आणि दीड भाकरी संपवली, तरी संगीत चालूच होते.

घरी आल्यावर मी पत्नीला, करीमानला, सर्व सांगितले. माझा वाटा किंचित संक्षेपाने सांगितला. ती भेंडी चिरत होती.

"नहलाचे बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "आवृत्ती घालायची अक्कल लबीबभाईंना कुणी दिली?"

मी तिच्यासमोरची भेंडी पुसू लागलो.

"वाटलंच. अवातिफकडे जा. आमच्या दफ्तरात. मी तिथून निवृत्त झाले तेव्हा तिच्या मशीनवर तेच जुनं होतं, लबीबभाईंचंच. आणि आमच्या दफ्तरात काही बदलत नसतं."

करीमानने जिथे नोकरी केली, ते जुन्या कागदपत्रांचे सरकारी दफ्तर. तेथे नवी आवृत्ती घ्यावी की नाही यासाठी एक समिती नेमली होती, आणि समितीचे अध्यक्ष कोण असावेत यासाठी दुसरी. त्यामुळे तेथला काळ अकरा वर्षे स्थिर होता. सरकारी दिरंगाईची निंदा मी आयुष्यभर केली. त्या दिवशी मनोमन तिची क्षमा मागितली.

परंतु स्थिर काळात प्रवेश मिळवणेही सोपे नसते. बुधवारी सकाळी साडेआठला मी आणि लबीब तेथे पोहोचलो. पहिल्या खिडकीने अर्ज मागितला. दुसरीने अर्जावर गरुडाचा सरकारी शिक्का मागितला. शिक्का कपाटात होता, कपाटाची किल्ली शिक्केदारांकडे, आणि शिक्केदार नाश्त्याला. ते येईपर्यंत मी भिंतीवरचा फलक वाचत बसलो, आणि "नागरिकांनी रांगेत उभे राहावे" या वाक्यात विभक्तीची एक ठळक चूक मला आढळली. ती मी दाखवून दिली. फलक स्वतः संचालक महाशयांनी लिहिलेला होता. ते बाहेर आले, त्यांनी मला निरखून पाहिले आणि म्हणाले, "उस्ताद वजदी ना? माध्यमिक शाळा, दुसरी तुकडी. मला कर्ता ओळखता आला नाही म्हणून तासभर उभं केलं होतंत."

शिक्केदार परत येऊनही आम्ही तासभर उभे होतो. लबीब माझ्याशी बोलत नव्हता, म्हणून तो तास अधिकच लांबला.

अखेर सव्वादहाला मदाम अवातिफ यांच्या टेबलापाशी पोहोचलो. वाणिज्याची पदविका घेऊन दफ्तरात लागलेल्या या बाई, चष्म्याची दोरी गळ्यात, लोकरीची विणकामाची सुई केसांत. त्यांनी लबीबच्या फाइली पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला.

"नव्या कॅमेऱ्याच्या फायली सामान्य रूपात करून आणल्यात का?"

"म्हणजे?" आम्ही दोघे एकदम म्हणालो.

"अहो उस्ताद, मोरोक्कोचा माणूस आपल्या बोलीत बोलला तर तुम्हाला कळेल? नाही ना? मग तो काय करतो? ग्रंथातल्या अरबीत बोलतो. ती सगळ्यांना कळते. फायलींचंही तसंच आहे. दर कॅमेऱ्याची आपली बोली. पण एक सामान्य रूप असतं, त्यात आणल्या की माझं हे म्हातारं मशीनसुद्धा वाचतं. लबीबभाईंच्या नव्या आवृत्तीत दहा मिनिटांचं काम. फुकटात होतं."

चौतीस वर्षे मी तीच ग्रंथभाषा शिकवली. तिचा उपयोग काय, हे मला एका पदविकाधारक बाईने सांगावे!

"बाशमुहंदिसा अवातिफ," मी उठून उभा राहत म्हणालो, "हे आपण आधी का कोणाला सांगितले नाही?"

"मला कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या आणि चहा मागवला.

लबीब टुकटुक रिक्षाने स्टुडिओत धावला. तो परतला तेव्हा पावणेबारा झाले होते, आणि त्याच्यासोबत नहला होती. वडील सकाळपासून उपाशी म्हणून रव्याच्या गोड बसबूसाचा डबा घेऊन ती निघाली होती आणि वाटेत आपल्या अम्मोला, म्हणजे लबीबकाकाला, भेटली. फाइली उघडल्या. एकूण एक. लबीबने जुनी कळ पाहिली आणि तिला स्पर्श करण्यापूर्वी हात पुसले.

मग हिशेब समोर आला, वेळेचा. दफ्तर दोनला बंद. परवानगी एका दिवसाची. छापखान्याला चित्रे संध्याकाळपर्यंत हवीत. अल्बमात सव्वीस चित्रे, आणि त्या वृद्ध संगणकावर एक चेहरा उजळावयास पाच मिनिटे लागत. प्रत्येक चित्रात एकच चेहरा होण्याइतका वेळ होता.

"मग प्रश्नच नाही," लबीब म्हणाला. "नवरी. चाळीस वर्षं मी नवरी आधी केली आहे."

"अम्मो लबीब," नहला म्हणाली, "हाज्जांचा करा."

"वेडी आहेस का? लग्न तुझं आहे!"

"म्हणूनच म्हणते."

"अगं, सगळ्यांमध्ये त्या एकट्याच चमकतील. तू अशी, तुझी आई अशी, हा तुझा बाप," त्याने माझ्याकडे पाहिले, तीन दिवसांत प्रथमच, "हा तर असा. लोक मला काय म्हणतील? अल-बद्रची नवरी, आणि डोळ्यांखाली काळं?"

"ते काळं कशानं आलं, ते मला ठाऊक आहे, अम्मो. निकाहच्या आदल्या रात्री दिवस पुढे गेला, नंतर पुन्हा एकदा गेला. तिसऱ्यांदा पेट्या सोडायला माझ्यात बळ नाही. करा हाज्जांचा."

अवातिफबाई विणता विणता थांबल्या. लबीबने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग त्याने पहिले चित्र घेतले. हाज्जा सव्वीसही चित्रांत होत्या. कॅमेऱ्याच्या दृष्टीबाहेर राहणे त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. दोनला पाच मिनिटे कमी असताना सव्विसावी हाज्जा उजळली, आणि शिपाई दिवे मालवू लागला.

गुरुवारी मगरिबच्या नमाजानंतर लबीबसह आम्ही सारे अल्बम घेऊन हाज्जांकडे गेलो. हाज्जांच्या तिन्ही बहिणी ओळीने बसल्या होत्या. हाज्जांनी पहिले पान उघडले. नंतर दुसरे. मी करकदेच्या सरबताच्या पेल्यात दृष्टी बुडवून बसलो होतो.

तिसऱ्या पानावर धाकटी बहीण म्हणाली, "अगं इन्शिराह, तू तर यात सगळ्यांत लहान दिसतेस."

"दिवा नीट पडला असेल," हाज्जा म्हणाल्या. पण त्यांनी पान उलटले नाही. बऱ्याच वेळाने त्या माझ्याकडे वळल्या आणि अत्यंत मायेने विचारते झाल्या, "उस्ताद, त्या दिवशी तुम्हाला बरं नव्हतं का?"

"किंचित ताप होता," मी म्हणालो. आयुष्यात मी फार थोडे असत्य बोललो आहे; हे मी आनंदाने बोललो.

"आणि करीमान, तू रक्त तपासून घे बरं. लोह कमी झालंय, बघ ना!" मग त्यांची दृष्टी नहलाच्या चित्रावर स्थिरावली. त्यांनी अल्बम मिटला. "इकडे ये, पोरी. काय हे! किती वाळलीस! अगं बायांनो, दिवस पुढे ढकलून ढकलून पोरीचा जीव काढला आपण. उद्याच उरकून टाका. माझ्या घरी येऊ दे, महिन्याभरात रंग आणते हिला."

"आणि नीश?" थोरल्या बहिणीने आठवण केली.

"दोन दारं पुरे. तिसरं असतं तर पुसायचं कुणी? हिच्या अंगात बळ आहे का?"

निघताना हातिम दाराशी माझ्या जवळ आला. त्याच्या हातात अल्बमातले चौदावे चित्र होते. त्यात नहला सही करून मान वर करते आहे, डोळ्यांखाली दोन काळ्या रेषा आहेत आणि लेखणी अजून हातात आहे.

"हे मी ठेवू का?" त्याने विचारले. "साखरपुड्याचा फोटो स्टुडिओच्या काचेत लावलाय, तो मी रोज येता-जाता बघतो. छान आहे. पण त्यात मला नहला कधी सापडली नाही."

मी मान डोलावली.

जिना उतरताना लबीबने अंधारात माझा हात धरला, कारण मला पायऱ्या नीट दिसत नाहीत. त्याने तो हात रस्त्यापर्यंत सोडला नाही.

परमेश्वर त्या हाताला चाळीस वर्षे आणखी देवो. अवातिफबाईंच्या यंत्राला कोणत्याही समितीची दृष्ट न लागो, आणि शरबीनींच्या कपाशीला बोंडअळी न लागो. हाज्जा इन्शिराह यांच्या मुखावर तोच प्रकाश राहो आणि त्यातला थोडा माझ्या मुलीच्या घरात सांडो. आणि ज्या दोघांनी एकमेकांना आहेत तसे पाहिले, त्यांना तसेच पाहण्याचे दीर्घ आयुष्य लाभो.